हिरव्या तक्त्याच्या आत

पुण्यातील एका विमा कंपनीत आयटी पुरवठादारांचे करार सांभाळण्याचे काम मी अकरा वर्षे केले. दर महिन्याच्या आढावा बैठकीत माझ्यासमोर जो तक्ता येई, त्यातील जवळजवळ सगळे चौकोन हिरवे, म्हणजे कराराची अट पाळल्याचे दाखवणारे, असत, आणि त्याच दिवशी दावे विभागातील एखादा सहकारी मला जिन्यात गाठून प्रणाली पुन्हा अडकल्याचे सांगे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजायला मला बराच काळ लागला. मधल्या तीव्रतेची तक्रार चार तासांत सोडवावी, अशी आमच्या करारात अट होती. एकदा मी टिकेटांचा, म्हणजे प्रत्येक तक्रारीच्या नोंदीचा, कच्चा तपशील मागवला, तेव्हा असे दिसले की साडेतीन तास उलटत आले की बरीच टिकेटे ‘वापरकर्त्याच्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ या अवस्थेत जाऊन बसत. त्या अवस्थेत घड्याळ थांबते, असे करारातच लिहिलेले होते, आणि आमच्या बाजूने तो करार वाचून त्यावर शिफारशीची सही मीच केलेली होती. पुरवठादाराने नियमाबाहेर काहीच केले नव्हते. या धंद्यात अशा तक्त्याला कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवा आणि आत लाल.

हेच कलिंगड फार मोठ्या आकारात अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या वाट्याला आले होते. अन्नसाहाय्य आणि आरोग्यसाहाय्य यांसारख्या कल्याणकारी योजनांचे अर्ज हाताळण्याचे काम राज्याने २००६ च्या अखेरीस आयबीएमला दहा वर्षांसाठी दिले. कराराची किंमत एक अब्ज डॉलरहून अधिक होती. कार्यालयात समोर बसून अर्ज भरून घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जागी कॉल सेंटर, ऑनलाइन अर्ज आणि स्कॅन केलेली कागदपत्रे आली. त्यानंतर कागद हरवण्याच्या, फोनवर ताटकळण्याच्या आणि पात्र माणसांचे लाभ नाकारले जाण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २००९ मध्ये राज्याने करार मोडला आणि दोन्ही पक्षांनी एकमेकांवर दावे ठोकले. २०१२ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने कराराचा मूलभूत भंग सिद्ध झाला नसल्याचे सांगून आयबीएमला सुमारे ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत भंग झाला असल्याचा निर्णय दिला, कारण करार ज्या उद्दिष्टांसाठी केला होता, ती बाजूला ठेवून कामगिरी मोजता येणार नाही, अशी त्याची भूमिका होती. पुढे २०१७ मध्ये आयबीएमनेच राज्याला ७ कोटी ८० लाख डॉलर द्यावेत, असा निकाल लागला. एकाच कामाकडे पाहून दोन न्यायालये दोन टोकांना गेली, ती नेमके काय मोजायचे याबद्दलच्या मतभेदामुळे. कराराच्या प्रस्तावनेतील उद्दिष्टांचा परिच्छेद आपण सहसा शोभेचा समजून उलटून टाकतो. ही हकीकत वाचल्यापासून तो परिच्छेद मी स्वतः लिहू लागलो, आणि त्यात ‘दावा आल्यापासून पैसे मिळेपर्यंतचे दिवस’ यासारखे आकडे घालू लागलो, ज्यांच्यावर कोणत्याही टिकेटाची अवस्था बदलून परिणाम होत नाही.

पुरवठादाराची कंपनी म्हणून पारख करताना अशीच फसगत मोठ्या आकड्यांनी होते. आयटी कंपन्या दर तिमाहीला मिळवलेल्या करारांचे एकूण मूल्य, म्हणजे टीसीव्ही, जाहीर करतात, आणि वर्तमानपत्रांचे मथळे त्यावरच निघतात. इन्फोसिसने २०२३-२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलरचे मोठे करार मिळवले, जो तोवरचा तिचा उच्चांक होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कंपनीने महसुलात स्थिर चलनात, म्हणजे विनिमय दरातील चढउतार वगळून, ४ ते ७ टक्के वाढीचा अंदाज दिला होता, आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष वाढ १.४ टक्के झाली. टीसीएसचेही तसेच झाले. त्याच वर्षी तिने ४२.७ अब्ज डॉलरचे विक्रमी करार नोंदवले, आणि पुढच्या वर्षी तिचा महसूल स्थिर चलनात ४.२ टक्क्यांनी वाढला. त्या वाढीतही बीएसएनएलच्या ४जी जाळ्याच्या कामाचा वाटा मोठा होता, तर उत्तर अमेरिकेतील धंदा मंदावलेला होता.

यात कोणी लबाडी केली, असे मला मुळीच म्हणायचे नाही. करार पाच, सात, कधी दहा वर्षांचा असतो, त्याचे मूल्य मात्र सहीच्या तिमाहीत एकदम नोंदले जाते. त्यातला बराच भाग जुन्याच कामाचे नूतनीकरण असतो, आणि ते नूतनीकरण बहुधा उतरत्या दराने झालेले असते. शिवाय ग्राहकाने चालू वर्षातील ऐच्छिक प्रकल्प थांबवले, तर रांजणात वरून कितीही पाणी ओतले तरी तळाची गळती ते खाऊन टाकते. करार तर काही वेळा सुरू होण्याआधीच विरघळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये इन्फोसिसने एका जागतिक कंपनीशी १५ वर्षांचा, दीड अब्ज डॉलरचा, कृत्रिम बुद्धिमत्तेशी निगडित सामंजस्य करार जाहीर केला, आणि डिसेंबरमध्ये तो रद्द झाल्याचेही तिलाच जाहीर करावे लागले. म्हणून टीसीव्ही पाहिला की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, की यातले निव्वळ नवे काम किती.

धोरणाबद्दल कंपन्या जे बोलतात, ते तपासण्यासाठी माझा आवडता आकडा दरडोई महसुलाचा आहे, कारण तो वार्षिक अहवालावरून कोणालाही दोन मिनिटांत काढता येतो. माणसे वाढवल्याशिवाय महसूल वाढवण्याची भाषा हा उद्योग कितीतरी वर्षे करत आला आहे. टीसीएसचा २०१३-१४ मधील महसूल सुमारे १३.४ अब्ज डॉलर आणि कर्मचारी ३ लाखांच्या किंचित वर. दहा वर्षांनी महसूल सुमारे २९.१ अब्ज डॉलर आणि कर्मचारी ६ लाखांच्या किंचित वर. भागाकार केला तर माणशी साधारण ४४,७०० डॉलरवरून ४८,३०० डॉलर, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम आठ टक्के वाढ. रुपयांत हेच चित्र फार देखणे दिसते, पण ती किमया रुपयाच्या घसरणीची आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि कारण कौशल्ये न जुळण्याचे दिले. हिंजवडीत घराचे हप्ते भरणाऱ्या अनेकांच्या पोटात गोळा आणणारी ती बातमी होती. माझ्यासारख्या ग्राहकाला तिच्यातून वेगळा प्रश्न पडतो. काढलेल्यांत मधल्या आणि वरच्या फळीतील लोक अधिक असतील, तर आमच्या प्रणालीची दहा वर्षांची आठवण ज्याच्या डोक्यात आहे, तो माणूस त्यात आहे का?

कारण लहान ग्राहकाचे भवितव्य पुरवठादाराच्या मनुष्यबळाच्या पिरॅमिडच्या आकारावर ठरते. पुरवठादाराचे मार्जिन, म्हणजे नफ्याचे प्रमाण, खाली फ्रेशर, म्हणजे नवखे कर्मचारी, किती आणि वर अनुभवी किती, यावर बेतलेले असते. सादरीकरणाला आलेले आर्किटेक्ट, म्हणजे प्रणालीची रचना आखणारे अनुभवी तज्ज्ञ, सही झाल्यावर दुसऱ्या, मोठ्या ग्राहकाकडे निघून जातात, हे आम्ही दोनदा अनुभवले. आपण त्या कंपनीच्या पहिल्या शंभर ग्राहकांत आहोत की पाचशेव्या क्रमांकावर, हे विचारायला संकोच वाटतो खरा, पण कराराच्या इतर कोणत्याही कलमापेक्षा या उत्तरावर सेवेचा दर्जा अधिक अवलंबून असतो.

आता परकीय कंपन्या स्वतःचीच केंद्रे भारतात काढत आहेत. आयटी उद्योगाची संघटना नॅसकॉम आणि सल्लागार कंपनी झिनोव्ह यांच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये अशी १,७०० हून अधिक केंद्रे होती आणि त्यांत १९ लाखांवर लोक काम करत होते. पुरवठादाराचा धंदा त्यामुळे बुडेल, असे मला वाटत नाही. त्याचे अनुभवी लोक मात्र खराडी-बाणेरमधल्या अशाच केंद्रांकडे वळताना मी पाहिले आहेत. अ‍ॅट्रिशनचा, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या प्रमाणाचा, आकडाही मी म्हणूनच कंपनीचा न मागता आमचे काम पाहणाऱ्या चमूचा मागतो.

शेवटच्या निविदेच्या वेळी मी तिन्ही पुरवठादारांना गेल्या तीन वर्षांत सोडून गेलेल्या एका ग्राहकाचा संपर्क मागितला. दोघांनी गोपनीयतेचे कारण सांगितले. तिसऱ्याने आठवडाभराने एक दूरध्वनी क्रमांक पाठवला. पलीकडच्या बाईंनी पाऊण तास तक्रारी ऐकवल्या, आणि शेवटी सांगितले की काम दुसऱ्याकडे सोपवण्याच्या सहा महिन्यांत या लोकांनी एकही कागद अडवला नाही. आम्ही काम त्यांनाच दिले, फक्त मुदत पाचऐवजी दोन वर्षांची ठेवली.