न दिसलेल्यांची मोजणी

माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक तक्त्यांमध्ये आकड्यांपेक्षा शून्यं जास्त असतात. कॅन्सरच्या गाठींचा डेटा असो नाहीतर देवराईतल्या पक्ष्यांचा, ओळीच्या ओळी शून्यांच्या, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यावरच जातो. हे शून्य म्हणजे ती गोष्ट तिथे नव्हती, की होती पण आपल्याला दिसली नाही? "तू नक्की कशावर काम करतेस, कॅन्सरवर की जंगलावर?" असं लोक विचारतात तेव्हा मला हेच सांगायचं असतं, पण उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी संख्याशास्त्राची. पुण्यात एम.एस्सी. केलं आणि तेव्हापासून कर्करोगाच्या संशोधकांबरोबर काम करते आहे. जंगलाचा डेटा घरात आला तो भाचीमुळे. ती कोकणातल्या देवरायांमध्ये धनेश पक्ष्यांच्या नोंदी घेते. एकदा तिने फोनवर विचारलं, "मावशी, या देवराईत तीनदा जाऊन आलो. तिन्ही वेळा शून्य. 'नाहीत' असं लिहून टाकू ना?"

"कधी गेला होतात?"

"होळीच्या सुमारास."

धनेशाची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. एक बारीक फट तेवढी उरते. नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. म्हणजे होळीच्या सुमारास निम्मे पक्षी झाडाच्या पोटात असतात आणि उरलेले दिवसभर फळांच्या मागे लांबवर फिरत असतात. अशा वेळी तीन फेऱ्यांत काही दिसलं नाही, यावरून पक्षी नाहीत असं कसं म्हणायचं?

समजा, पक्षी तिथे असताना एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ०.४ आहे. मग न दिसण्याची ०.६. तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे साधारण ०.२२. धनेश असलेल्या प्रत्येक शंभर देवरायांपैकी बावीस आपण 'रिकाम्या' म्हणून नोंदवू. हे दुरुस्त करायची रीत मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडली. एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचं, कधी दिसला आणि कधी नाही याचा क्रम लिहून ठेवायचा, आणि त्या क्रमावरून दिसण्याची शक्यता व असण्याची शक्यता वेगवेगळ्या काढायच्या. आज जगभर वन्यजीवांचे अभ्यास असे होतात.

आता माझ्या नोकरीतला तक्ता बघा. गाठीतल्या पेशींचा डीएनए वाचताना प्रत्येक जागा एकदाच वाचत नाहीत, शेकडो वेळा वाचतात. समजा, एखादा बदल फक्त एक टक्का डीएनएत आहे आणि ती जागा शंभर वेळा वाचली. तो बदल एकदाही न दिसण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे जवळपास ०.३७. तीनातून एकदा तरी अहवालात त्याचा पत्ताच नसणार. तीच जागा पाचशे वेळा वाचली तर ही शक्यता एक टक्क्याच्याही खाली येते. भाचीची फेरी आणि माझं एक वाचन, गणित अक्षरशः तेच. आणि हा एक टक्का क्षुल्लक समजू नका. पेशींचा तेवढासा गट औषधाला दाद देत नसला तर बाकीची गाठ विरघळल्यावर पुन्हा वाढतो तो तोच.

या सगळ्या विचाराची मला सर्वांत आवडती सुरुवात फुलपाखरांपासून होते. अलेक्झांडर कॉर्बेट नावाचे निसर्गअभ्यासक मलायात फुलपाखरं गोळा करत होते. त्यांच्याकडे ६२० जाती जमल्या. त्यातल्या ११८ जातींचं फक्त एकेक फुलपाखरू सापडलं होतं, ७४ जातींची दोन दोन, ४४ जातींची तीन तीन, २४ जातींची चार चार, आणि असंच पुढे. हे आकडे घेऊन ते संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्याकडे गेले. १९४३ मध्ये फिशर, कॉर्बेट आणि विल्यम्स यांचा लेख आला. प्रश्न असा होता की आणखी तेवढाच काळ जाळं घेऊन हिंडलं तर नव्या किती जाती सापडतील? नव्या, म्हणजे ज्या यादीत नाहीत त्या. ज्यांच्याबद्दल आपल्याकडे एकही नोंद नाही, त्यांची संख्या सांगायची.

उत्तर इतकं सोपं दिसतं की पहिल्यांदा वर्गात ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. ११८ मधून ७४ वजा करा, ४४ मिळवा, २४ वजा करा, आणि असंच एक सोडून एक अधिक-उणे करत जा. कॉर्बेटच्या आकड्यांवर हे केलं की ७५ येतात. गुड आणि टूलमिन यांनी १९५६ मध्ये हे सूत्र पक्क्या पायावर उभं केलं. पुढे १९८४ मध्ये तैवानच्या अ‍ॅन चाओ यांनी आणखी एक सूत्र दिलं. एकदाच दिसलेल्यांचा वर्ग करा आणि दोनदा दिसलेल्यांच्या दुपटीने भागा. ११८ चा वर्ग भागिले १४८, म्हणजे ९४. न दिसलेल्या जाती निदान एवढ्या तरी असणारच. यातलं मर्म मला फार मोलाचं वाटतं: न पाहिलेल्याबद्दलची माहिती जेमतेम पाहिलेल्यांमध्ये दडलेली असते. सगळ्या जाती दहा-दहा वेळा सापडल्या असतील तर यादी पुरी होत आली. बऱ्याच जाती एकेकदाच सापडल्या असतील तर अजून पुष्कळ बाकी आहे.

गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडत होते तेव्हा याच वाटेने गेले होते. त्यांची कल्पना गुड यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढची नोंद पूर्णपणे नवीन निघण्याची शक्यता किती? एकदाच दिसलेल्यांची संख्या भागिले एकूण नोंदी. बस.

कर्करोगाच्या डेटात हे जसंच्या तसं चालतं, कारण तिथे तर एकदाच दिसलेल्यांचंच राज्य आहे. हजारो रुग्णांच्या गाठींमधले बदल एकत्र केले तरी बहुसंख्य बदल एकेका रुग्णातच सापडलेले असतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या संख्याशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये गुड-ट्युरिंगची हीच रीत तिथे लावली. प्रत्येक जनुकासाठी त्यांनी विचारलं: पुढच्या गाठीत इथे आजवर न पाहिलेला बदल निघण्याची शक्यता किती? काही जनुकं प्रत्येक गाठीत नवनवा बदल दाखवत राहतात, काहींमध्ये तेच तेच परत येतात. जिथे तेच परत येतात तिथे काहीतरी महत्त्वाचं घडत असण्याची शक्यता जास्त. एकेकटे बदल टाकाऊ म्हणून बाजूला सारायचे नसतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

पण जाळं कुठे टाकलं होतं, हे विचारल्याशिवाय यातलं कुठलंच सूत्र मी वापरत नाही. कॅन्सरच्या जनुकांच्या मोठ्या याद्या मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या रुग्णांवरून बनल्या आहेत. आपल्याकडे तंबाखू आणि गुटख्यामुळे गाल आणि हिरड्यांचा कॅन्सर किती होतो, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकांवर काम करणारी संस्था यांनी मिळून याच कॅन्सरचा डीएनए वाचला. २०१३ मध्ये आलेल्या त्यांच्या लेखात आधी ५० आणि पडताळणीसाठी आणखी ६० रुग्ण होते. त्यातून पाच अशी जनुकं पुढे आली, जी या कॅन्सरमध्ये वारंवार बदललेली दिसतात हे तोवर ठाऊक नव्हतं. परक्या रानातली यादी घेऊन इथल्या रानात 'अमुक नाही' असं म्हणणाऱ्यांवर म्हणूनच माझा राग आहे.

एका गाठीच्या आतही हेच. २०१२ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने मूत्रपिंडाच्या गाठींचे वेगवेगळ्या भागांतून तुकडे घेतले. जे बदल सापडले त्यातले ६३ ते ६९ टक्के सगळ्या तुकड्यांत नव्हतेच. रुग्णाची बायोप्सी तर बहुतेकदा एकाच ठिकाणची असते.

वाघांचं इथे एका परिच्छेदात उरकते, कारण ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशात २,९६७ वाघ असल्याचा अंदाज आला. कॅमेऱ्यात पट्ट्यांवरून प्रत्यक्ष ओळख पटलेले वाघ होते २,४६१. उरलेले पाचशेहून अधिक वाघ फोटोत सापडले नाहीत, तरी ते हवेतून आलेले नाहीत. ते याच प्रकारच्या गणितातून आले आहेत, आणि पगमार्क, म्हणजे पंजांचे ठसे, मोजून ठोकून दिलेल्या जुन्या आकड्यांपेक्षा माझा त्यांच्यावर कितीतरी जास्त भरवसा आहे.

कुठे मोजलं याइतकंच केवढ्या चौकोनात मोजलं हेही महत्त्वाचं, म्हणून आता चौकोनाबद्दल. वडील कृषी सहाय्यक होते. पीक कापणी प्रयोगाला, म्हणजे शेतात दोरीने चौकोन आखून तेवढंच पीक कापून मोजायला, ते टेप, खुंट्या आणि दोरी घेऊन जायचे. सुट्टीत मीही दोरीचं टोक धरायला जायची. दोरी नेमकी ज्वारीच्या धाटावर आली की शेतकरी आणि वडील यांच्यात चर्चा: हे आत धरायचं की बाहेर? कॉलेजात गेल्यावर कळलं की या प्रश्नावर आपल्याच माणसाने मोठं काम करून ठेवलंय. पांडुरंग सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कडेची धाटं माणूस सहसा आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. एक मीटरच्या चौकोनाला एका चौरस मीटरमागे चार मीटर कड असते, दहा मीटरच्या चौकोनाला फक्त चाळीस सेंटिमीटर. सुखात्म्यांचा त्या काळात दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी याच मुद्द्यावर वाद झाला होता, आणि मी सुखात्म्यांच्या बाजूची आहे.

हे ज्वारीचं गणित मला आज कुठे लागतं? स्तनाच्या कॅन्सरच्या स्लाइडवर. स्कॅन केलेल्या स्लाइडवर संगणक प्रत्येक पेशी ओळखतो: ही गाठीची, ही लढाऊ लिम्फोसाइट. नुसती संख्या पुरत नाही. लिम्फोसाइट गाठीच्या पेशींमध्ये मिसळल्या आहेत, की बाहेर कुंपणाशी अडून उभ्या आहेत, यावर पुष्कळ काही ठरतं. ते मोजायला मोरिसिता-हॉर्न निर्देशांक वापरतात. मोरिसिता जपानी परिसरशास्त्रज्ञ होते, आणि प्राणी कसे विखुरलेले आहेत हे मोजण्याचं त्यांचं काम १९५० च्या दशकातलं. २०१५ मध्ये मेली, युआन आणि सहकाऱ्यांनी हा निर्देशांक स्तनाच्या कॅन्सरला लावला. हर-२ प्रकारच्या (पेशींवर हर-२ नावाचं प्रथिन जास्त असलेल्या) कॅन्सरच्या रुग्णांमध्ये जिथे दोन्ही पेशी जास्त मिसळलेल्या होत्या, तिथे रुग्ण जास्त जगल्याचं त्यांना दिसलं.

पण हा निर्देशांक काढायला स्लाइडचे चौकोन पाडावे लागतात. चौकोन लहान केला की एकेकात एकाच जातीच्या पेशी येतात आणि वाटतं, काहीच मिसळलेलं नाही. मोठा केला की सगळंच एकत्र नांदताना दिसतं. आणि कडेच्या पेशी आत की बाहेर, हा वडिलांच्या शेतातला प्रश्न आहेच. म्हणून मी एका चौकोनावर थांबत नाही. लहानापासून मोठ्यापर्यंत आकार बदलत निर्देशांक कसा हलतो याचा आलेख काढते आणि डॉक्टरांसमोर तो आलेखच ठेवते. त्यांना एक आकडा हवा असतो, हे मला कळतं. पण जो आकडा चौकोन बदलताच उलटतो, त्यावर कुणाच्या उपचाराचा निर्णय होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

गाठ म्हणजे जंगल असं मात्र मी म्हणत नाही. धनेशाची प्रत्येक जात वेगळी आहे, तिची हद्द निसर्गाने आखली आहे. गाठीतला 'क्लोन', म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला पेशींचा गट, कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे आपण एक उंबरठा ठरवून आखतो. उंबरठा हलवला की क्लोनची संख्या हलते, आणि मग किती प्रकार आहेत व कोण किती हे एका आकड्यात सांगणारा शॅननचा विविधता निर्देशांकही हलतो. जंगलातून सूत्रं घ्यावीत, पण त्या सूत्रांमागची गृहीतकं दर वेळी नव्याने तपासावीत. घाईत असलेले लोक नेमकं हे टाळतात.

सध्या ज्या प्रकल्पावर आहे तिथे पॅथॉलॉजिस्ट मॅडमशी बरीच चर्चा करून आम्ही नोंदीच्या फॉर्ममध्ये तीन रकाने वाढवले: तुकडा गाठीच्या मध्यातून घेतला की कडेवरून, किती चौरस मिलिमीटर पाहिलं, आणि ती जागा किती वेळा वाचली गेली. भाचीच्या फॉर्मवरही आता तीन रकाने आहेत: किती वेळ चाललो, धुकं होतं का, आणि विणीचा काळ होता का. शून्य लिहायला हरकत नाही, पण हे रकाने भरलेले नसतील तर तो कागद आम्ही दोघीही परत पाठवतो.