शेतीवर परतायचं, तर कॉलेज हवं का?

ठाण्यात, कळव्यात, घणसोलीत राहणारी आणि शहापूर-मुरबाडकडे घरची जमीन असलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: "पोरगा म्हणतो नोकरी नको, गावची शेती बघतो. मग त्याला कॉलेजला घालायचं की नाही?" म्हणून आधी उत्तरच सांगतो. शेती करायला पदवी लागत नाही. मोजायला मात्र यावं लागतं, आणि ते घरी कुणी शिकवत नाही, कारण आजवर त्यावाचून निभावलं. भात घरी खाण्यापुरता होता तोवर ठीक होतं. भेंडी वाशीच्या मार्केटला जायला लागली तिथपासून मोजता न येणं महागात पडतंय.

फवारणीचंच बघा. "पंपाला एक झाकण", म्हणजे पाठीवरच्या फवारणी पंपात बाटलीचं एक झाकण औषध, हे माप बहुतेक घरांत चालतं. औषधाच्या लेबलवर मात्रा हेक्टरी दिलेली असते, पंपाची नाही. फवारणारा भराभर चालला तर एकराला आठ पंप पुरतात, सावकाश चालला तर तेरा लागतात. झाकण तेच, पण एकरावर पडणारं औषध दीडपटीहून जास्त. खरं माप काढणं सोपं आहे. 16 लिटरचा पंप साध्या पाण्याने काठोकाठ भरा, 33 बाय 33 फुटांचा एक गुंठा आखा आणि रोजच्या चालीने फवारा. मग मापाने पाणी ओतून पंप परत काठोकाठ भरा. समजा 5 लिटर लागलं. 40 गुंठ्यांना, म्हणजे एकराला, 200 लिटर, म्हणजे साडेबारा पंप. लेबलवर हेक्टरी (अडीच एकराला) 500 मिली असेल तर एकराला 200, लिटरला 1 आणि पंपाला 16 मिली. नोझल झिजलं की पाणी जास्त जातं, पीक वाढलं की पाणी जास्त लागतं, म्हणून हे एकदा करून भागत नाही.

त्याच लेबलवर प्रतीक्षा काळ लिहिलेला असतो, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते. भेंडी एक दिवसाआड तोडली नाही तर जून होते. त्यामुळे तोडा चालू असताना लांब प्रतीक्षा काळाचं औषध मारता येत नाही. मारलं तर अवशेष फळात उतरतात आणि निर्यातीचा माल तपासणीत नाकारला जातो. आणि भेंडीवर पानं पिवळी पाडणारा हळद्या आला की दुकानातून बुरशीनाशक आणणारी घरं आजही आहेत. हळद्या विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि लागण झालेलं झाड कुठल्याही औषधाने बरं होत नाही. ते उपटून लांब नेऊन नष्ट करायचं आणि माशी आटोक्यात ठेवायची. कीड, बुरशी आणि विषाणू यांतला फरक ज्याला कळतो, त्याचे पैसे इथेच वाचतात. हा फरक कृषी शिक्षणात पहिल्यापासून शिकवतात, आणि शिक्षणाची खरी किंमत मला तिथे दिसते.

भाताचंही तेच. चारसूत्री पद्धतीत रोपं दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावतात आणि जवळच्या चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचतात. हेक्टरी 62,500 गोळ्या, सुमारे 170 किलो. गोळी वरवर राहिली तर नत्र पाण्यात उतरतं आणि वाया जातं. खोल, हवा नसलेल्या चिखलात ते मुळांजवळ टिकतं. लावणी उक्ती दिली की दोरी धरायला कुणी तयार नसतं, रोपं वेडीवाकडी पडतात, मग मधोमध कुठलं आणि गोळी खोचायची कुठे? कारण माहीत असलेला पोरगा त्या दिवशी दोरीचं टोक सोडत नाही.

आता हिशोब. आडत्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याचा त्याने दिलेला हिशोबाचा कागद, बहुतेक घरांत खिळ्याला टोचून ठेवतात, वाचत कुणी नाही. समजा 500 किलो भेंडी 22 रुपयांनी गेली: 11,000. भाडं 1,500, हमाली-तोलाई 400, तोडणीच्या 12 बायांचे 350 प्रमाणे 4,200. उरले 4,900, किलोमागे 9 रुपये 80 पैसे, आणि बियाणं, खत, औषध, घरच्यांची मेहनत अजून यातूनच जायची आहे. 2016 पासून राज्यात फळं-भाजीपाल्याची आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, असा नियम आहे. पट्टी वाचणाराच त्यावर बोट ठेवतो. म्हणून माझं मत असं, की भाजीपाल्याच्या घरात एखादा वाणिज्य शाखेचा पदवीधर कृषी पदवीधरापेक्षा कमी कामाचा नाही.

मग घालायचं कुठे? परतायचं पक्कं असेल तर दहावीनंतरची, कृषी तंत्र विद्यालयातली दोन वर्षांची मराठी माध्यमाची पदविका पुरते. बी.एस्सी. कृषी चार वर्षांची, बारावी विज्ञान आणि सीईटी या प्रवेश परीक्षेनंतर. आपला भाग दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा. ही पदवी त्याने घ्यावी ज्याला स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत, रोपवाटिका किंवा खत-औषधांचं दुकान काढायचं आहे. दुकानाच्या परवान्याला शिक्षणाची अट आहेच. जमीन दोन एकराच्या आत असेल तर मात्र पोटाला दुसरं काही लागणार हे धरूनच चाला. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा डिझेल मेकॅनिक झालेला मुलगा स्वतःचा पाण्याचा पंप दुरुस्त करतो आणि गावातले दहा पंपही.

ठरत नसेल तर जूनच्या पेरणीपासून पुढच्या मेपर्यंत एक वर्ष त्याला शेतावर राहू द्या, हातात वही देऊन: तारीख, शेत, काम, किती माणसं, किती लिटर, किती रुपये. घरच्या माणसाची मजुरीही बाहेरच्याच दराने मांडायची. सीईटीचे गुण त्याच वर्षी चालतात, तेव्हा पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा द्यावी लागेल, हे आधीच धरून ठेवा.

या सगळ्याइतकंच महत्त्वाचं एक काम कॉलेजबाहेरचं आहे. सातबारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर ठिबकचं अनुदान, पीककर्ज, काहीच मुलाच्या नावाने होत नाही, मग तो कितीही शिकलेला असो. आजोबा हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज करा, मग सर्वांच्या संमतीने तहसीलदारांकडून वाटप. बहिणींना वगळून घाईत केलेला फेरफार पुढे तक्रारीत अडकतो, आणि तो त्यांच्यावर अन्यायही आहे. शेतीवर परतायचं म्हणणारी पोर मुलगी असेल, तर तिच्या हिश्शाचं कागदावर आताच ठरवून घ्या.