पेशी कशाने मेली?

विषाणूशास्त्रात रमलेली मी विषशास्त्रात पीएच.डी. करतेय म्हटल्यावर जुन्या वर्गमैत्रिणी विचारतात, "हे मधेच काय?" स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर उत्तर देते.

२००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत आजीचे सांधे धरले, ते ताप उतरल्यावरही महिनोन्महिने सुटले नाहीत. एम.एस्सी.नंतर विषाणू निवडायची वेळ आली, तेव्हा माझं ठरलेलं होतं. वनस्पतींचे अर्क या विषाणूला रोखतात का, हे तपासायचं काम मिळालं. त्यासाठी व्हेरो पेशी वापरतात. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ साली जपानमध्ये त्या वेगळ्या केल्या गेल्या. विषाणू लागला की तळाला चिकटून पसरलेल्या या पेशी आकसून गोल होतात, सुटतात आणि तरंगू लागतात. पण अर्काची मात्रा वाढली की विषाणू नसतानाही हेच दिसतं! म्हणून आधी पेशी जिवंत आहेत का ते सांगणारी एमटीटी चाचणी करायची. ९६ घरांच्या प्लेटमध्ये पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. जिथे पिवळंच राहिलं, तिथल्या पेशी गेल्या. अर्क किती मात्रेत विषाणूला रोखतो आणि किती मात्रेत पेशीलाच मारतो, यात भरपूर अंतर असेल तरच औषधाची आशा. ही पूर्वतयारी उरकून सगळे पुढे जात. माझं मन मात्र तिथेच गुंतलं.

याला शाळाही कारण आहे. विज्ञानाच्या बाई आम्हाला ठाण्यातल्या कोपरीला खाडीवर घेऊन जात. चिखलात टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, मी पहिल्यांदा तिथे पाहिल्या. चेंदणी कोळीवाड्यातल्या मैत्रिणीचे आजोबा, खाडीत पूर्वी काय काय मिळायचं, याची यादी सांगत. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला याचा मला फार अभिमान वाटतो. पण तिच्या गाळात जड धातू सापडल्याच्या नोंदीही आहेत, आणि त्या वाचताना जीव तुटतो.

आता मी कॅडमियम या जड धातूवर काम करते. विषाणू पेशीत शिरून वाढतो, शरीर त्याच्याशी लढून त्याला संपवू शकतं. कॅडमियम वाढत नाही आणि संपतही नाही. मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन त्याला बांधून ठेवतं. त्याने पेशीचं रक्षण होतं, पण धातू मूत्रपिंडात साचत जातो. तिथला निम्मा साठा कमी व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. जपानमध्ये जिन्झू नदीच्या पाण्यावर पिकलेल्या भातातून तो लोकांच्या पोटात गेला आणि हाडं ठिसूळ करणारा 'इताई-इताई' रोग झाला. प्रदूषणामुळे झालेला रोग म्हणून तिथल्या सरकारने १९६८ मध्ये तो मान्य केला.

माझा प्रबंध अगदी कमी मात्रेवर आहे. या मात्रेला एमटीटीत प्लेट छान जांभळी दिसते, म्हणजे पेशी जिवंत असतात. पण गाळून गेलेली लहान प्रथिनं परत शोषून घेणं, हे मूत्रपिंडाच्या पेशींचं रोजचं काम त्या नीट करतात का? त्यात बिघाड कधी सुरू होतो, ते मला शोधायचं आहे.