अडीचशेचा वस्तरा, सहा हजारांची धार

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांना इथूनच परत फिरता येईल. पुण्याच्या जुन्या बाजारात २५० रुपयांना घेतलेला वस्तरा माझ्या गालावर फिरेपर्यंत ६,४२० रुपयांना पडला. वर तीन महिने गेले. त्यातले अडीच महिने एका दगडाने खाल्ले, आणि त्या दगडाचा राग अजून गेलेला नाही.

रविवारी मंगळवार पेठेत गेलो होतो ते दाराची पितळी कडी शोधायला. पाने, पकडी, मोडके कंदील अशा ढिगात काळ्या मुठीचा वस्तरा दिसला. पात्याच्या शेपटीवर गंजातून 'सोलिंगेन' एवढी अक्षरं वाचता येत होती; सोलिंगेन म्हणजे सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी नावाजलेलं जर्मन शहर. विकणाऱ्याने सहाशे सांगितले, मी अडीचशे म्हटलं, त्याने लगेच कागदात गुंडाळला. तो इतक्या चटकन तयार झाला तेव्हाच मला कळायला हवं होतं. सोलिंगेन हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे, पण आपल्या बाजारात ती अक्षरं कोरणाऱ्याला कोण विचारायला जातो? नावावर भाळू नका. माझ्या वस्तऱ्याचं पोलाद चांगलं निघालं, हे माझं नशीब.

गंज दोन संध्याकाळीत निघाला. गाडी रंगवणारे वापरतात तो वॉटर पेपर, ४०० नंबरपासून २००० पर्यंत (नंबर जितका मोठा तितका बारीक, दगडांचंही तसंच), मग ब्रासो. यात सांगण्यासारखं एकच: ड्रिलला किंवा ग्राइंडरला चाक लावून चमकवायच्या भानगडीत पडू नका. पातं धारेकडे कागदासारखं पातळ असतं, क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. निळसर डाग दिसला की समजा तो वस्तरा गेला. मग पेन्सिली तासा.

आता धार.

वस्तऱ्याची धार लावणं हे ऐकायला सुरीपेक्षा सोपं आहे. सुरीचा कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तरा दगडावर सपाट आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, आणि ढकलायचा. कोन त्या जाड पाठीनेच ठरवलेला असतो. पुढे ढकलताना धार पुढे, शेवटी पाठीवर उलटवायचा आणि परत. आधी १००० नंबरचा दगड, मग ६०००, मग १२०००, मग चामड्याचा पट्टा. वाचून वाटलं, एका रविवारचं काम.

एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ६००० असा जोडदगड मी ऑनलाइन मागवला, १,८५० रुपयांना. वर्णनात 'पूर्ण सपाट, वापरायला तयार' असं ठळक लिहिलं होतं. दगड पाण्यात भिजवला, पन्नास फेऱ्या मारल्या. हातावरचा केस कापला जाईना. आणखी शंभर. टाचेकडची, म्हणजे मुठीजवळची, आणि टोकाकडची धार केस उडवायला लागली, मधला दोनेक सेंटिमीटरचा पट्टा मात्र ढिम्म. तिथे बोट फिरवलं तर ताटाची कड बरी.

मी काय केलं असेल? जोर लावला. वस्तऱ्यावर जोर लावणं ही सगळ्यात मोठी चूक, हे मी आज सांगतोय. तेव्हा मात्र रोज रात्री जेवण झालं की ओट्यावर दगड मांडून खसखस सुरू. बायको म्हणाली, "वाटण वाटतोयस का?" तिसऱ्या आठवड्यात पाठीवर चकचकीत चपटी पट्टी दिसायला लागली, म्हणजे पोलाद झिजत होतं. मधला भाग तसाच.

मग मला साक्षात्कार झाला की दगड बारीक नाही म्हणून धार येत नाही. २,४०० रुपयांचा १२००० नंबरचा दगड आला. त्यामागून १,३०० चा चामडी पट्टा आणि त्यावर चोळायची २८० ची क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट. (आता वही उघडली की हा रकाना पाहून माझेच कान तापतात.) धार १००० वर बसलेलीच नसेल तर पुढचे सगळे दगड फक्त पातं चमकवतात. आरशासारखं चमकणारं, बोथट पातं तयार झालं. ते घेऊन दाढीला बसलो. मधल्या भागाने केस ओढले, टाचेने हनुवटी कापली. बिनपाण्याने हजामत कशाला म्हणतात ते साबण लावूनही कळलं.

अकरावा आठवडा असेल. मी ठरवलं की वस्तराच वाकडा आहे, धार मध्ये आत दबली आहे, आणि विषय संपला. फेकण्याआधी एकदा दाखवावा म्हणून आमच्या गल्लीतल्या सलूनमधल्या काकांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे. आता त्यांच्या दुकानातही अर्धं ब्लेड घालायचाच वस्तरा चालतो, पण धोकटी घेऊन दारोदार फिरलेला माणूस.

त्यांनी पातं उजेडाकडे धरलं, धारेवरून नुसती नजर फिरवली.

"घासलाय की हो लई. दगड कुठाय?"

"घरी."

"मग वस्तरा काय दाखवताय? दगड आणा."

दगड आणला. काकांनी खणातून शाळेतली स्टीलची पट्टी काढली, दगडाच्या रुंदीवर उभी धरली आणि मला खाली वाकायला सांगितलं. पट्टी दोन्ही कडांना टेकली होती. मधून उजेड येत होता. केसाएवढा, पण स्पष्ट.

माझा दगड ताटलीसारखा खोलगट होता. नवा कोरा. माझं पातं साधारण सात सेंटिमीटर, दगडाची रुंदीही जवळपास तेवढीच, आणि मी रोज सरळ रेषेत ढकलत होतो. दोन टोकं दगडाच्या कडांवर आणि मधली धार अधांतरी. अडीच महिने मी हवेला धार लावत होतो.

"पेन्सिलीनं चौकटी मारा," काका म्हणाले, "काचेवर पालिश पेपर टाका, पाणी सोडा आणि दगड घासत बसा. रेघा पुसल्या की झालं. आणि सरळ काय ढकलताय, तिरकं जावा. टाचेपासून निघायचं, टोकावर संपायचं." पैसे विचारले तर म्हणाले, "पट्टीचे काय पैसे घेऊ?"

टीपॉयची काच काढून बाल्कनीत मांडली. २२० नंबरचा कागद, वर पाणी. पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही कडांच्या रेघा गेल्या, मधल्या चौकटी जशाच्या तशा. राखाडी चिखल कोपरापर्यंत. तीन कागद फाटले तेव्हा मधली शेवटची चौकट गेली. एक तास पाच मिनिटं. उलट्या बाजूचीही तीच रड. त्यानंतर धारेवर मार्कर पेन फिरवून वस्तरा ठेवला आणि अलगद एक फेरी मारली. शाई या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी पुसली गेली. आवाजसुद्धा बदलला होता. खसखस जाऊन रेशमी कापड ओढल्यासारखी सर्र.

चाळीस मिनिटांत वस्तरा दाढी करू लागला. अडीच महिन्यांचं काम, चाळीस मिनिटांत. आनंद झाला हे खरं, पण निम्म्याहून जास्त संताप होता.

हो, मार्करचं आधी सांगायला हवं होतं. दहा रुपयांचा पेन आहे. धारेला शाई लावायची, एक फेरी मारायची, कुठे टेकतं आणि कुठे नाही ते दिसतं. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर त्या २,४०० च्या दगडाची इतकी घाई केली नसती. तो दगड वाया गेला नाही, पण रागाच्या भरात घेतला हे खरंच.

आता परवडतं का? एकच वस्तरा हौस म्हणून नीट करायचा असेल तर अजिबात नाही. साधा सेफ्टी रेझर आणि ब्लेडचं पाकीट घ्या, सुखी राहा. विकण्यासाठी करणार असाल तर त्याहून नाही. तुमच्या संध्याकाळी कोणी विकत घेणार नाही. पण दगड एकदा घरात आले की हिशोब पालटतो. दुसरा वस्तरा मला वॉटर पेपरसकट ३६० ला पडला, तिसरा २६० ला आणि एका सकाळीत झाला. तिघांचे मिळून ७,०४०, म्हणजे एकेक साधारण २,३५०. सोलिंगेनचा नवा चांगला वस्तरा याहून बराच महाग येतो, म्हणून माझ्यासारख्याला हे पटतं. ज्यांच्या गल्लीत धार लावून देणारा जुना माणूस आहे, त्यांनी दगड घेऊच नयेत. त्याला त्याचे पैसे द्या आणि फक्त पट्टा घ्या.

घेताना काय बघायचं, ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला कळलं. पृष्ठभागावरचा लाल गंज निघतो. धारेला लागून काळे खड्डे असतील तर ठेवून द्या, कारण घासत गेलं तरी प्रत्येक नव्या धारेत खड्डा येत राहतो. अंगठ्याचं नख धारेखाली हलकेच सरकवा, चीर असेल तर तिथे अडकतं. पाठीवर रुंद चपटी पट्टी दिसली तर आधीचा मालक माझ्याच जातकुळीतला. मूठ बोटाने जोरात चोळून वास घ्या: कापराचा आला तर सेल्युलॉइड. ते विस्तवापासून लांब ठेवा, आणि ते खराब व्हायला लागलं की त्याच्या वाफेने पातंही गंजतं, तेव्हा दुसऱ्या वस्तऱ्यांबरोबर एका डब्यात नको. मूठ हस्तिदंती असल्याचं कोणी सांगितलं तर मोहात पडू नका, आपल्याकडे त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. शेपटीवर देशाचं नाव असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा समजतात, कारण तेव्हापासून अमेरिकेने आयात मालावर ते सक्तीचं केलं होतं. आणि दाढी झाली की पातं पुसून खोबरेल किंवा मशीनच्या तेलाचं बोट. मी एकदा विसरलो. पावसाळ्यात सकाळपर्यंत ठिपके आले.

दगडाच्या विक्रेत्याला फोटो पाठवला होता, पट्टीखालून येणाऱ्या उजेडासकट. परत करण्याची मुदत दहा दिवसांची होती, असं उत्तर आलं. काल पाहिलं, तो दगड अजून विकायला आहे. 'पूर्ण सपाट, वापरायला तयार.' किंमत तेवढी शंभरने वाढली आहे.