केल्पच्या रकान्यात शून्य

ऑगस्ट २०१९. उत्तर कॅलिफोर्नियात, मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर माझी पहिलीच सर्व्हे डाइव्ह. काम साधं. तळावर ३० मीटरची टेप अंथरायची, तिच्या दोन्ही बाजूंना मीटरभर पट्ट्यात जे दिसेल ते मोजायचं आणि पाटीवर पेन्सिलीने लिहायचं.

खरं तर तिथे बुल केल्पचं जंगल हवं होतं. हे तपकिरी शेवाळ. मालवणच्या खडकांवर सर्गासम वाढतं, त्याचंच दूरचं भावंड, पण उंची माडाची. मुळं नसतात. पंज्याने खडक धरायचा, वर दोरखंडासारखा देठ, टोकाला फुगा आणि पात्यांचा झुपका. वसंतात उगवून एका उन्हाळ्यात पृष्ठभाग गाठतं. त्याच्या आडोशाला रॉकफिशची पिल्लं वाढतात, तुटून पडलेल्या पात्यांवर मोठ्या समुद्री गोगलगायी, म्हणजे अ‍ॅबलोनी जगतात.

खाली उतरले तर सगळा तळ जांभळा. काट्यांना काटे भिडलेले सी अर्चिन, केल्प खाणारे काटेरी गोल जीव. पहिल्या पाच मीटरांतच दोनशेच्या पुढे गेले. पेन्सिल थांबेना, आणि केल्पच्या रकान्यात शून्य.

या अर्चिनना आवरणारं कुणी उरलं नव्हतं. समुद्री ऊदमांजरं तिथे फरच्या व्यापारापायी कधीच संपली होती. २०१३ पासून तारामाशांना अंग गळून पडण्याचा रोग लागला आणि अर्चिन खाणारा, वीसेक हातांचा सनफ्लॉवर स्टारही गेला. त्यात २०१४ ते २०१६ समुद्र तापला. केल्पला थंड, कसदार पाणी लागतं. सुमारे ३५० किलोमीटर किनाऱ्यावरचं ९० टक्क्यांहून जास्त केल्प नाहीसं झालं.

एका कपारीत लाल अ‍ॅबलोनी दिसली. ही एरवी खडकाला अशी चिकटते की पहारीशिवाय निघत नाही. मी नुसतं बोट लावलं तर ती हातातच आली. शिंपला तळहाताहून मोठा, आतलं मांस आक्रसलेलं, आजाऱ्याच्या अंगावर जुना सदरा लोंबावा तसं. तिला पकडणं २०१८ पासून बंद आहे, पण बंदीने पोट कसं भरणार? मी तिला परत खडकाला लावलं आणि ती धरेपर्यंत तळवा तसाच दाबून ठेवला. बराच वेळ लागला. माझी टेप अर्धवट राहिली, जोडीदार खुणा करत होता, तरी मी हलले नाही.

बोटीवर त्याने एक अर्चिन सुरीने उघडला. आत गाभोळीच्या पाच नारिंगी फाका असायला हव्यात. होत्या फक्त सुतासारख्या पाच तपकिरी रेघा.

रात्री मालवणला फोन केला, आईला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"पोटात काय नाय, तरी जगतत कशी गो ती?"

शरीर मंद करून घेतात, मी म्हटलं, वर्षानुवर्षं तशीच तग धरतात. केल्पचा कोंब दिसला की खातात.