सव्विसावा अंक

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५.

ही संख्या मोठ्याने वाचायला गेलं की पंचाईत होते. परार्धापर्यंतची नावं १८ अंकांतच संपतात आणि हिचे अंक आहेत २५. म्हणून मी ती वाचत नाही, डावीकडून एकेक अंक उघडत जातो. पहिले दोन अंक ३६, त्यांना २ ने भाग जातो. पहिले तीन ३६०, त्यांना ३ ने. ३६०८ ला ४ ने, ३६०८५ ला ५ ने, आणि असंच पुढे, थेट अख्ख्या संख्येला २५ ने भाग जाईपर्यंत. मध्ये कुठेही बाकी म्हणून उरत नाही.

पडताळून बघायला कागद-पेन्सिलच बरी. ४ आणि ८ साठी शेवटचे अंक पाहिले की झालं, ९ साठी बेरीज, ११ साठी एकाआड एक अंकांची वजाबाकी. १७, १९, २३ मात्र मुकाट्याने पूर्ण भागाकार करायला लावतात. तिथे बाकी शून्य आली की मला अजूनही उगाचच आनंद होतो.

या गुणाची दुसरी एक संख्या मला दिसायला जास्त देखणी वाटते: ३८१६५४७२९. १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून असं जमवणारी ती एकटीच. तरी पल्ला पंचवीस-अंकीचाच मोठा. तिच्याहून लांब अशी संख्या नाहीच.

का नाही? नऊ अंकांपर्यंत अशा संख्या वाढत जातात, २४९२ होतात. दहाव्या जागी फक्त शून्यच चालतं, त्यामुळे दहा अंकीही तेवढ्याच. अकराव्या जागेपासून कुचंबणा सुरू होते. ११ ने भागल्यावर बाकीच्या शक्यता अकरा आणि आपल्या हातात अंक दहाच, तेव्हा कुणाला तरी जोडीदार मिळणार नाही हे उघड आहे. अकरा अंकी उरतात २२२५, वीस अंकी ४४, चोवीस अंकी ३ आणि पंचवीस अंकी ही एक.

सव्विसावा अंक शोधायचा तर आधी शेवटी शून्य लावून २६ ने भागून बघा. बाकी येते १२. म्हणजे त्या जागी १४ हवेत, आणि अंक तर ९ वर संपतात.

हा गुण संख्येचा नसून तिच्या लिखाणाचा आहे, असं गणितज्ञ म्हणतील, आणि ते खरंच आहे. सोळाच्या पायावर मोजत असतो तर १४ हा एकच अंक झाला असता. पण मग हीच संख्या निराळ्या अंकांनी लिहिली गेली असती आणि या पंचवीस पायऱ्यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला असता.