आमची वाटचाल: दोन पाट्या, एक टेबल

अरबी पाच म्हणजे आपलं शून्य. अरबी शून्य म्हणजे नुसतं टिंब. सहा दिसतो इंग्रजी सातासारखा, सात इंग्रजी व्हीसारखा आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. एवढं कोणीही अर्ध्या तासात शिकतं. फसगत होते हाताने लिहिलेल्या कागदावर, कारण हातचा तीन बहुतेक जण छापील दोनासारखा काढतात आणि हातचा दोन नुसत्या हुकासारखा वळवतात. त्यात १५ तारीख मराठी डोळ्याला १० दिसते. अशी तारीख एकदा व्हिसाच्या अर्जात गेली की कॉलेज, बँक, निवासाचा परवाना, सगळीकडे तिला पिल्लं होतात. अरबी कागदांची भाषांतरं हे आमचं काम, आणि त्याचा निम्मा भाग ही पिल्लं गोळा करण्याचा आहे.

२००९ साली पुण्यात कॅम्पाच्या बाजूला आम्ही भाषांतराच्या पेढीची पाटी लावली. तीन वर्षांनी शेजारी दुसरी पाटी लागली, मदत संस्थेची: १८६० च्या कायद्याखाली सोसायटी, १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास, सात सभासद, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद. टेबल एकच, खुर्च्या चार. येणारे यमन, सुदान, इराक, सीरिया इथले विद्यार्थी, रुग्ण आणि त्यांची कुटुंबं. शिकायला आलेला मुलगा युद्धामुळे परत जाऊ शकत नाही, मग त्याची बायको येते, मूल इथेच जन्मतं. त्याला स्थलांतरित म्हणायचं की विद्यार्थी, हे व्हिसावरची अक्षरं ठरवतात. परदेशी विद्यार्थ्यांची विचारपूस पुण्याला नवी नाही. सिंबायोसिसची सुरुवात १९७१ साली शां. ब. मुजुमदारांनी त्याच हेतूने केली. पण अरबी कागद वाचणारं टेबल वेगळंच लागतं.

पहिला भागीदार मराठवाड्यातला, चाऊस घराण्यातला. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आलेल्या अरबांचे हे वंशज, मराठवाड्यात आणि हैदराबादेत पसरलेले. त्याची मराठी परभणीची, अरबी आखातात पंधरा वर्षं नोकरी करून घासलेली. पेढीत आजही चालतो तो नियम त्याचाच: नाव कानाने लिहायचं नाही, पासपोर्टवरून लिहायचं.

हा नियम समजून घ्या, कारण इथे भलेभले चुकतात. अरबीत नावाची साखळी असते: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, मग घराण्याचं. आपले अर्ज मात्र नाव आणि आडनाव असे दोनच रकाने देतात. एकाच अरबी नावाचं यमनच्या पासपोर्टवर जमाल होतं, इजिप्तच्या पासपोर्टवर गमाल, अल्जीरियाच्या पासपोर्टवर फ्रेंच वळणाने द्जमेल. शिवाय सुदानी आणि अनेक यमनी माणसं बोलताना कासिमला गासिम म्हणतात. म्हणून पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या, त्या प्रमाण मानायच्या. पहिल्या ओळीत पाच खुणा पासपोर्टचा प्रकार आणि देश यांत जातात, नावाला ३९ उरतात. साखळी लांब असेल तर शेवटचं नाव तुटतं. ते तुटलेलं नाव खाली तसंच ठेवून वर छापलेलं पूर्ण नाव अर्जात घ्यायचं आणि भाषांतराच्या तळटिपेत दोन्हींचा उल्लेख करायचा. ही तळटीप वाचवायला गेलेले लोक चार महिन्यांनी आमच्याकडेच येतात.

महिन्यांचंही तसंच. यमन, सुदान, इजिप्त इथे जानेवारीला यनायर म्हणतात. इराक-सीरियात तोच महिना दुसरा कानून, आणि पहिला कानून म्हणजे डिसेंबर. नवा माणूस ‘पहिला’ शब्द पाहून जानेवारी लिहून मोकळा होतो. सौदीत जन्मलेल्या यमनी मुलांच्या दाखल्यावर हिजरी तारीख असते. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यामुळे अंदाजाने वजाबाकी करून चालत नाही. सौदीच्या उम्म-अल-कुरा पंचांगाचा तक्ता लावायचा, आणि चंद्रदर्शनाच्या हिशेबाने एखादा दिवस इकडेतिकडे होतो हे लक्षात ठेवायचं. आम्ही हिजरी तारीख आहे तशी लिहितो, इसवी तारीख कंसात देतो. पासपोर्टावर वेगळी असेल तर गुपचूप जुळवून टाकत नाही. जुळवलेला कागद पुढे कधीतरी उघडा पडतोच.

हत्यारं विचाराल तर आज फार नाहीत. सुरुवातीला मात्र हाल होते. पुण्यातल्या डीटीपीवाल्यांकडे पेजमेकर आणि श्रीलिपी. त्यात अरबी टाकलं की अक्षरं सुटी होत आणि ओळ डावीकडून सुरू होई, म्हणजे ‘कमल’ उलटा ‘लमक’ छापावा तसं. आता वर्डमध्ये अरबी नीट बसतं, पण उजवीकडून चालणाऱ्या ओळीत पासपोर्टचा नंबर किंवा तिरक्या रेघेची तारीख आली की तिचे तुकडे जागा बदलतात. उपाय साधा: मूळ आणि भाषांतर दोन स्तंभांच्या तक्त्यात ठेवा, प्रत्येक रकान्याची दिशा वेगळी लावा, आणि पीडीएफ झाल्यावर नंबर पुन्हा मूळ पासपोर्टशी ताडा. वर्डमध्ये बरोबर दिसला म्हणून कागद सोडायचा नाही. कोश धातूंवर, म्हणजे शब्दाच्या मूळ अक्षरांवर, लावलेला ठेवा. मकतब हा शब्द म-मध्ये शोधणारा तासभर शोधत बसतो, तो क-त-ब खाली असतो. आणि अरबीत प नाही, च नाही. पुण्याचं बूना होतं. पिंपरी-चिंचवड अरबीत लिहून दाखवा, ही आमच्याकडे नव्या मुलांची परीक्षा आहे.

ती दुसरी पाटी सोडली तर २०१० ते २०१४ या काळात सांगण्यासारखं काही घडलं नाही. काम येत होतं, भाडं जात होतं.

२०१५ ला यमनमध्ये युद्ध पेटलं आणि आमचा धंदा बसायला आला. शिक्षणाच्या कागदाची वाट अशी असते: त्या देशाचं शिक्षण खातं, मग परराष्ट्र खातं, मग तिथला भारतीय दूतावास. यमन, सुदान, इराक हे अपोस्टिलच्या, म्हणजे एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करण्याच्या, करारात नाहीत, त्यामुळे एका शिक्क्यात काम होत नाही. त्या एप्रिलमध्ये यमनची राजधानी सना इथला भारतीय दूतावास जिबूतीला हलला, म्हणजे साखळीची शेवटची कडी समुद्रापलीकडे गेली. पुढे सना आणि एडन, दोन सत्ता, दोन शिक्के. यमनचं चलन रियाल, तोसुद्धा दोन भावांचा झाला. घरून येणारे पैसे सनातून निघाले की एडनहून, यावर पोराची फी भरली जाणार की नाही हे ठरू लागलं. आमच्याकडे सहा महिने पैसे देणारं काम जवळजवळ शून्य, आणि फुकटचं काम तिप्पट.

त्याच काळात तो प्रकार घडला ज्याने संस्था बुडता बुडता राहिली. मदत झाली की मुलं पाचशे, हजार रुपये देणगीच्या डब्यात टाकत. पावती मागत. आम्ही देत होतो. रुपयांत, इथल्या बँकेत, मग त्यात परदेशी काय आलं? सीएने पावत्यांवरची नावं वाचली आणि पेन खाली ठेवलं. परदेशी देणगीच्या २०१० च्या कायद्यात पैसा कुठल्या चलनात आला याला महत्त्व नाही, देणारा कोण याला आहे. परदेशी नागरिकाने पुण्यात बसून, पुण्याच्या एटीएममधून काढलेली शंभराची नोट दिली तरी ती परदेशी देणगी. नोंदणी नसताना घेतली तर गुन्हा. परदेशी माणसांसाठीच असलेल्या संस्थेला त्यांच्याकडूनच आभाराचे पैसे घेता येत नाहीत, हे आम्हाला तीन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं, हे मान्य. डबा त्याच दिवशी उचलला, सगळ्या पावत्यांची यादी केली, आणि तडजोडीचा अर्ज, दंड, वकील यांत पेढीची दोन वर्षांची शिल्लक गेली. भागीदाराने स्वतःच्या घरावरचं कर्ज वाढवलं. त्याबद्दल तो आजही बोलत नाही.

असं काम करणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवावं. सेवेची फी हा वेगळा मुद्दा आहे. नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या सेवेचा मोबदला या कायद्यात देणगी धरत नाहीत. म्हणून भाषांतराचं बिल पेढीच्या नावाने, पेढीच्या खात्यात. संस्थेच्या खात्यात फक्त भारतीय नागरिकांचे पैसे, पावतीवर पॅन. दोन्ही खाती एका बँकेत ठेवू नका, घाईत चुकीचा क्यूआर पुढे केला जातो. परदेशी देणगी घेण्याची नोंदणी हवीच असेल तर तीन वर्षांचं काम आणि त्या काळात मूळ कामावर पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत, आणि प्रशासनावर वीस टक्क्यांच्या वर खर्च नाही. आमच्यासारख्या संस्थेत तर पगार हाच खर्च असतो. दुभाषाचा पगार प्रशासन की काम, यावर वाद घालण्यापेक्षा आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्या. तो राहिला की बँक सह्या अडवते.

आता स्पर्धकाबद्दल. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. २०१८ ला परदेशी नागरिकांची नोंदणी ऑनलाइन झाली आणि रस्त्यापलीकडे एक दुकान उघडलं: अर्ध्या दरात भाषांतर, एका तासात. मशिनने. अरबी नावांना अर्थ असतात आणि मशिनला नाव आणि शब्द यांतला फरक नेहमी कळत नाही. सईदचा ‘आनंदी’ होतो, नाजीचा ‘वाचलेला’, सालेहचा ‘वैध’. एडन शहराच्या नावाचं स्पेलिंग आणि स्वर्गातल्या बागेचं स्पेलिंग अरबीत एकच, त्यामुळे एका मुलाचं जन्मस्थळ थेट नंदनवन झालं होतं. त्यावर गोल शिक्का, हिरव्या शाईत. असे कागद परत येऊ लागले तेव्हा दुरुस्तीला आमच्याकडे, आणि दुरुस्तीचेही पैसे अर्धेच द्यायची तयारी. वर्तमानपत्रात ‘परदेशी विद्यार्थ्यांना आधार’ म्हणून फोटो छापून आला तो त्यांचा. कात्रण आमच्या फायलीत आहे.

मशीन आम्हीही वापरतो. पत्रं, माहितीपत्रकं, नियमावल्या यांचा पहिला खर्डा त्याच्याकडून करून घेतो. पण नाव, तारीख, आकडा, शिक्क्यातला मजकूर या चार गोष्टी हाताने, आणि दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून तपासलेल्या. शिक्का पुसट असेल तर ‘अवाच्य’ लिहायचं. अंदाजाने भरलेला शिक्का म्हणजे खोटा शिक्का.

परदेशी नागरिकाच्या नोंदणीची पायरी सांगायची तर १८० दिवसांवरचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवस. त्याआधी घरमालकाने किंवा वसतिगृहाने २४ तासांत निवासाची माहिती कळवायची, ज्याला सगळे अजून सी फॉर्मच म्हणतात. सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू आहे, जुने चार कायदे गेले. अडचण मात्र तीच: मालक म्हणतो मी फॉर्म भरणार नाही, एजंट म्हणतो करार नंतर करू. नुकत्याच आलेल्या परदेशी भाडेकरूकडे आधार नसतं, म्हणून घरबसल्या होणारी भाडेकराराची नोंदणी अडते आणि दुय्यम निबंधकाकडे प्रत्यक्ष जावं लागतं. यात आठवडा जातो, चौदातले सात दिवस संपतात. म्हणून विमानाचं तिकीट निघालं की कराराचा मसुदा तयार ठेवा. घर आधी, सिमकार्ड नंतर.

रुग्णालयातल्या दुभाषाचं काम याहून नाजूक आहे. अरबी एक भाषा नाही, हे डॉक्टरांना पटवावं लागतं. इजिप्तचा माणूस ‘माशी’ म्हणाला तर ठीक आहे, चालेल. यमनचा ‘माशी’ म्हणाला तर नाही. (मराठी नर्सने खिडकी बंद केली तर तिचंही चुकत नाही.) ‘आफिया’ म्हणजे इराकी माणसाला आरोग्य, मोरोक्कोच्या माणसाला आग. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही घेताना हो-नाहीवर थांबायचं नाही. काय कापणार, कुठे, किती दिवस राहावं लागेल, हे रुग्णाकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घ्यायचं. मुलाला किंवा भावाला दुभाषा करू नका. कर्करोग हा शब्द तो वडिलांपुढे उच्चारणार नाही आणि डॉक्टरांना वाटेल सांगून झालं. रमजानात गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारवर आपल्या मनाने लावू नका. आधी रुग्णाला विचारा रोजा धरणार का, मग ते डॉक्टरांना सांगा, आणि जे उत्तर येईल ते सूर्य आणि चंद्र काढून कागदावर द्या.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानची राजधानी खार्तुममध्ये लढाई सुरू झाली तेव्हा २०१५ ची उजळणी झाली, फक्त यावेळी यादी तयार होती. ज्या मुलांचे मूळ कागद घरी राहिले होते, त्यांच्या कॉलेजच्या फायलीतल्या प्रती आधी मिळवल्या, रंगीत, ३०० डीपीआयवर, मागची बाजूसुद्धा. शिक्के बहुतेक मागेच असतात आणि लोक पुढचीच बाजू स्कॅन करतात.

तिकडच्या कार्यालयांत फोन लागण्याची वेळही सांगून ठेवतो. बगदाद आणि सना आपल्यापेक्षा अडीच तास मागे, खार्तुम साडेतीन. त्यांची सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी कामाचा पहिला दिवस. म्हणून आमचं शटर शुक्रवारी बंद असतं आणि रविवारी साडेअकराला, बगदादमध्ये नऊ वाजतात तेव्हा, फोनपाशी कोणीतरी बसलेलं असतं.